आराखडा पुढच्या 20 वर्षांचा, मग प्लॉटवरचे नियम मागच्या 30 वर्षांचे का? (पूर्व भाग, हद्दवाढ, होटगी रोडवाल्यांनी नक्की वाचा)

साखरपेठकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो. मी एका लायसन इंजिनियरकडे ड्रॉइंगचं काम करतो, रोज झोन दाखले (प्लॉट आराखड्यात कुठल्या झोनमध्ये येतो याचा कागद) आणि भाग नकाशे (आराखड्यातला तेवढ्याच भागाचा नकाशा) हातात असतात. घर सोलापूरच्या साखर पेठेत, वडिलांनी 35 वर्षं यंत्रमाग चालवले. त्यामुळे दोन्ही बाजू मला दिसतात.

विकास आराखडा म्हटलं की आपल्याकडे सगळे एकच बघतात, माझ्या जागेवर आरक्षण पडलं का आणि माझं शेत पिवळं, म्हणजे निवासी झालं का. पण आराखडा म्हणजे शहर कुठं वाढणार याचा नकाशा, आणि त्या नकाशातल्या प्रत्येक रंगात काय बांधता येईल, किती बांधता येईल, खाली दुकान चालेल का, माग चालेल का, हे ठरतं नियमावलीत. डिसेंबर 2020 पासून मुंबई वगैरे काही भाग सोडले तर जवळपास सगळ्या महाराष्ट्राला एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर (एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली). म्हणजे जो नियम पुण्याच्या बाणेरला तोच आपल्या घोंगडे वस्तीला. सोपं झालं, मान्य. आधी प्रत्येक शहराचं वेगळं पुस्तक होतं आणि आमच्यासारख्यांचे हाल व्हायचे. पण सोलापूरची घडण बाणेरसारखी नाही ना.

पूर्व भागातली आमची गल्लीच घ्या. खाली चार माग, मागच्या खोलीत कांड्या भरायचं मशीन, वरच्या मजल्यावर घर, जिन्याखाली टॉवेलचे गठ्ठे, आणि समोरच्या ओट्यावर बायका टॉवेलच्या कडा शिवत बसलेल्या. याला नकाशात कुठला रंग द्यायचा? नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 25 खाली आराखड्याआधी चालू जमीन वापराचा नकाशा करतात, त्यात एका प्लॉटला एकच रंग भरला जातो. वर घर दिसलं की पिवळा. झालं, चार माग कागदावरून गायब. मग निवासी झोनमध्ये उद्योगाला हॉर्सपॉवर आणि कामगारांच्या ज्या मर्यादा आहेत त्या लागतात, चालू आहे ते कुणी बंद करत नाही पण दुरुस्ती करायची म्हटलं, साधे माग काढून रॅपियर (नवे, वेगवान माग) टाकायचं म्हटलं, बँकेत मंजूर नकाशा द्यायचा म्हटलं की सगळं अडतं. माणूस मग काय करतो, परवानगी न घेताच पत्रा ठोकतो.

माझं म्हणणं एवढंच की आराखडा करताना "सोलापूर हे कापडाचं शहर" असं पहिल्या पानावर लिहायचं आणि ज्या घरांत कापड विणलं जातं त्यांना नियमात जागाच ठेवायची नाही, असं चालणार नाही. तुमच्या भागात काय परिस्थिती आहे ते लिहा.

शेळगीचा_अन्या

बरोबर बोललास भावा. पण तुमचं निदान पिवळं तरी हाय. आमच्याकडं लोकं गुंठ्यानं प्लॉट घेऊन बसलेत, सातबारावर तीस तीस नावं सामायिक, कुणाचा कुठला तुकडा कुणाला ठाऊक नाही. माझ्या वडिलांनी 2003 ला स्टॅम्पवर घेतलं, एजंटनं सांगितलं दोन वर्षात एनए (बिगरशेती) होतंय. कशाचं होतंय. असे गुंठ्यानं घेतलेले प्लॉट नियमित करायचा गुंठेवारी कायदा 2001 चा, नंतर 2021 ला दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटला मुभा दिली, तेव्हा आम्ही फाईल टाकली. तर नकाशात निघालं की आमच्या ओळीतल्या सहा घरांवरून डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता चाललाय. घर बांधून 18 वर्षं झालेली, आई आता 70 ची हाय, तिला मी काय सांगू.

जुळेसोलापूर_मनीषा

अन्या, वाचून वाईट वाटलं. पण मी दुसरी बाजू सांगते, राग मानू नकोस. आमच्याकडे जुळे सोलापुरात रस्ते बऱ्यापैकी आखलेले आहेत म्हणून सगळे इकडेच येतात, आणि आता प्रत्येक रो हाऊस पाडून तिथे अपार्टमेंट होतंय. एका घराच्या जागी 12 फ्लॅट, पण ड्रेनेजची लाईन तीच, पाण्याची लाईन तीच. आपल्या शहरानं कित्येक वर्षं चार-पाच दिवसाआड पाणी भरलंय, उजनी धरण सुमारे 110 किलोमीटर लांब, पाण्याच्या दिवशी ऑफिसमधून हाफ डे काढून बायका घरी येतात हे मी लहानपणापासून बघतेय. एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधता येईल ते प्रमाण) वाढवताना पाण्याचा हिशोब कुणी करतं का? मला खरंच माहिती हवी आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा.

नगररचना_नाना

मी दुसऱ्या जिल्ह्यात नगररचना खात्यात होतो, रिटायर होऊन आता विजापूर रोडला राहतो. मनीषाताई, तुमचा प्रश्न मुद्द्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफएसआय आपल्याकडे रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. गावठाण सोडून इतर भागात मूळ एफएसआय 1.1, आणि रस्ता 9 मीटरच्या आत असेल तर त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) पण नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) पण नाही. 9 मीटर झाला की दोन्ही मिळायला लागतात आणि रस्ता जसा रुंद तसं बांधकाम वाढत जातं. यामागचा विचार चुकीचा नाही, रुंद रस्त्यावर जास्त माणसं राहू शकतात, अग्निशमनची गाडी येऊ शकते. पण रस्ता रुंद म्हणजे त्याच्याखालची पाईप पण रुंद असं होत नाही. नियम रस्ता मोजतो, पाईप मोजत नाही. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

आता हद्दवाढीचं. 1992 च्या मे महिन्यात सोलापूर 33 चौरस किलोमीटरवरून एकदम 178 वर गेलं. बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, शेळगी, दहिटणे, ही सगळी गावं एका रात्रीत शहर झाली. पाचपटीपेक्षा जास्त. एवढी जमीन एकदम शहरात आली की दोन गोष्टी होतात. सगळी हिरवी, म्हणजे शेती झोनमध्ये ठेवली तर लोक गुंठ्यानं विकतात, आणि सगळी पिवळी केली तर जो तो आपल्या आपल्या गटात लेआउट पाडतो, रस्ते एकमेकांना जुळत नाहीत आणि महापालिकेला 178 चौरस किलोमीटरमध्ये तुकड्या तुकड्यानं पाईप न्यावी लागते. दोन्ही मी नोकरीत डोळ्यांनी बघितलंय. म्हणून नुसतं पिवळं करून भागत नाही. कुठला भाग आधी आणि कुठला नंतर हे ठरवावं लागतं, आणि तो क्रम नियमात यावा लागतो, भाषणात येऊन उपयोग नाही.

प्लॉटिंगवाला

नाना, तुमचा अनुभव मोठा आहे पण शेतकऱ्याच्या बाजूनं पण विचार करा की. मी जमिनीचे व्यवहार करतो, लपवत नाही. हिरव्या झोनमधल्या शेतकऱ्याला एकरी जो भाव येतो आणि रस्त्यापलीकडच्या पिवळ्या झोनवाल्याला जो येतो त्यात किती फरक आहे हे तुम्हाला माहीतच आहे. दोघे सख्खे भाऊ आहेत अशा केसेस आहेत माझ्याकडं. एका रेघेमुळं एक भाऊ कोटीत आणि दुसरा अजून पाण्याच्या मोटारीच्या बिलासाठी उसनं मागतोय. तुम्ही म्हणताय क्रम लावा, मग ज्याचा नंबर 15 वर्षांनी येणार त्यानं पोरीचं लग्न कशावर करायचं? त्यापेक्षा सगळं निवासी करा आणि बाजारला ठरवू द्या.

नगररचना_नाना

प्लॉटिंगवाले, भावाभावातला हा अन्याय खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्यावर आपल्याच कायद्यात उपाय आहे आणि तो 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे. टीपी स्कीम, नगररचना परियोजना. सोलापूरच्या जुन्या भागात लोक अजून पत्त्यात फायनल प्लॉट नंबर सांगतात ना, तो त्यातूनच आलाय. सगळ्यांची जमीन कागदावर एकत्र करायची, रस्ते, बाग, शाळा यांची जागा सगळ्यांकडून सारख्या प्रमाणात काढायची, आणि उरलेली प्रत्येकाला चौकोनी, रस्त्याला लागून परत द्यायची. जमीन कमी होते पण भाव वाढतो, आणि कुणा एकाच्याच डोक्यावर रस्ता पडत नाही. पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला अशी स्कीम घेतलीच की. वेळ लागतो, भांडणं होतात, सगळं खरं. पण अन्याच्या ओळीतल्या सहा घरांवर जो रस्ता आलाय तो असा आला नसता, दोन्ही बाजूच्या 40 मालकांनी थोडं थोडं सोडलं असतं.

प्लॉटिंगवाला

माझ्या गिऱ्हाईकांना हे कुणी समजावून सांगितलं तर निम्मे तरी तयार होतील. पण वेळेची खात्री पाहिजे. आरक्षण टाकून 20-20 वर्षं जमीन अडकवून ठेवायची हे आता शेतकरी सहन करणार नाही.

साखरपेठकर

त्याबद्दल कलम 127 आहे, बऱ्याच लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. अंतिम आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली आणि आरक्षणाची जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो, त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. हे मालकाच्या बाजूनं चांगलंच आहे. पण मनीषाताई, याचा अर्थ तुमच्या भागातलं खेळाचं मैदान पण असंच हातातून जाऊ शकतं. मी स्वतः एका फाईलचं ड्रॉइंग केलंय जिथं आधी बाग होती नकाशात, नंतर तिथे चार मजली इमारत आली, सगळं कायदेशीर. त्या दिवशी घरी आलो तर जेवण गेलं नाही. त्या बागेत आपली पोरं खेळतील म्हणून शेजारच्या सोसायटीनं स्वतःच्या लेआउटमध्ये मोकळी जागा एका कोपऱ्यात ढकलली होती.

कुंभारीची_लक्ष्मी

मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. माझी अम्मा विडी कामगार, आम्ही आधी दत्तनगरजवळ एका खोलीत सात जण राहायचो, नंतर कुंभारीला गोदूताई घरकुलात आलो. 10,000 घरं झाली तिथं, 2006 ला. नंतर शेजारी रे नगर झालं, 30,000 घरांचं, जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या मिळाल्या. स्वतःचं घर मिळालं याची किंमत मला माहीत आहे, त्याबद्दल कुणी वाईट बोललेलं मला आवडत नाही.

पण तुम्ही सगळे महापालिकेच्या हद्दीचा नकाशा बघताय. कुंभारी हद्दीबाहेर आहे. एवढं मोठं गाव वसलं आणि ते शहराच्या नकाशातच नाही. अम्मा सकाळी पानं भिजवून कापून ठेवते, दिवसभर वळते आणि विड्या घेऊन विडी कंपनीच्या ब्रँचला जाते, कच्चा माल आणायला परत शहराकडं. माझी बहीण टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, रिक्षाला रोजचे पैसे जातात आणि सुटायला उशीर झाला तर घरात सगळे दारात उभे. घरं एकीकडं आणि कामं दुसरीकडं ठेवली तर मधला खर्च बाईच्या पगारातून जातो. आमच्या घरकुलात खाली एखादी शेड, जिथं 20 बायका बसून शिवतील, असं काही नियमात बसतं का? मी हे विचारायला आले.

साखरपेठकर

लक्ष्मीअक्का, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या धाग्याचा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलात. कागदावर घर पिवळं आणि काम जांभळं (औद्योगिक), मधे सात-आठ किलोमीटर, आणि ते अंतर आपल्या आयाबहिणी कापतात.

टॉवेल_अण्णा

अक्का, साखरपेठकर, मी कारखानदार आहे, जेकार्डचं (नक्षीदार विणकामाचं) काम आहे माझं. तुमच्याशी सहमत आहे पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. घर आणि कारखाना एकत्र याला सरसकट परवानगी द्या असं म्हणू नका. मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, 8 जीव गेले, मालकाचं कुटुंब त्याच इमारतीत राहत होतं. त्यानंतर कित्येक रात्री मला झोप नव्हती. आमच्याकडं सूत, तयार माल, आणि छतावर, पंख्यावर, वायरिंगवर बसलेला सुताचा फुफाटा, एक ठिणगी पुरे. मी स्वतः त्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या कामगारांच्या खोल्या रिकाम्या केल्या आणि बाहेरून लोखंडी जिना लावला. जिना लावायला परवानगी मागितली तर उत्तर आलं की सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) बसत नाही. मी तरी लावला. खोटं बोलत नाही, लावला.

साखरपेठकर

अण्णा, तुम्ही सांगताय तेच तर नियमात यायला पाहिजे! आत्ता काय आहे, निवासी झोनमध्ये माग म्हणजे मर्यादेबाहेर, मग तो चोरून चालतो, चोरून चालला की फायरचं कुणी बघत नाही, आणि जीव वाचवायला जिना लावायचा तर तो पण बेकायदा. त्याऐवजी पूर्व भागासाठी स्पष्ट लिहा, तळमजल्यावर अमुक इतके माग चालतील, वर घर असेल तर मधला स्लॅब पक्का, बाहेरून स्वतंत्र जिना सक्तीचा आणि त्या जिन्याला सामासिक अंतरातून सूट, सुताचा साठा झोपायच्या खोलीखाली नाही, वायरिंग दर अमुक वर्षांनी तपासायची. आणि ज्याला ते जमत नाही त्यानं एमआयडीसीत जावं, त्यासाठी तिथं छोटे गाळे द्या. एमआयडीसीचं मात्र वेगळं आहे, तिथं नियोजन प्राधिकरण ते स्वतःच, नियमावली पण त्यांची, महापालिकेच्या नियमात बदल केला तरी तिथं लागू होत नाही. म्हणजे दोन दारं ठोठवावी लागतील.

टॉवेल_अण्णा

असं असेल तर माझी सही पहिली. पण मागांची संख्या ठरवताना कारखानदारांना विचारा. चार साधे माग आणि चार रॅपियर यात जमीन अस्मानाचा फरक आहे, आवाजात पण, हादऱ्यात पण आणि लाईटच्या लोडमध्ये पण. संख्येपेक्षा लोड धरा.

होटगीरोडकर

आमच्याकडचं पण टाकतो. विमानांना अडथळा होणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, आता विमानं चालू झाली. आनंद आहे. पण विमानतळाच्या आसपास किती उंच बांधता येईल याचे रंगीत नकाशे वेगळे असतात, विमानतळ प्राधिकरणाचे. म्हणजे डीपीत प्लॉट पिवळा, रस्ता 18 मीटर, नियमानुसार एफएसआय भरपूर, आणि उंचीच्या नकाशात बघितलं तर तेवढं बसतच नाही. माझ्या मेव्हण्यानं फ्लॅट बुक केला, बिल्डरनं दहा मजले सांगितले होते, उंचीची ना हरकत आली सातची, त्याचा फ्लॅट आठव्यावर. पैसे परत मिळायला दीड वर्ष लागलं. हे दोन नकाशे एकावर एक ठेवून झोन दाखल्यावरच उंची लिहायला काय हरकत आहे? एक ओळ तर लिहायची आहे.

नगररचना_नाना

ही सूचना मला सगळ्यात आवडली. तसंच पूररेषेचं करा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला. सप्टेंबर 2025 ला सीना नदीच्या पुरानं जे दाखवलं ते सगळ्यांनी बघितलं. शहरातले आदिला, शेळगीचे नाले जुन्या लोकांना पाठ आहेत, पण प्लॉट घेणाऱ्याला दाखल्यावर ते दिसत नाहीत.

शेळगीचा_अन्या

नाना पण करायचं काय ते सांगा की. आम्ही चार दिवसाला एक कागद घेऊन फिरलालोय.

नगररचना_नाना

सांगतो. प्रारूप आराखडा कलम 26 खाली प्रसिद्ध झाला की हरकतीला 30 दिवस. नंतर कलम 28 ची नियोजन समिती सुनावणी घेते, तीन सदस्य स्थायी समितीचे आणि चारपर्यंत तज्ञ बाहेरून नेमलेले. मी अशा सुनावणीत बसलोय. हजारो हरकती येतात आणि निम्म्यांवर लिहिलेलं असतं "आमच्यावर अन्याय झाला, आरक्षण रद्द करावे". त्यावर समिती काय करणार? दोन मिनिटात पुढची. ज्यानं सर्व्हे नंबर लिहिला, भाग नकाशा जोडला, जागेवरचा फोटो लावला आणि रस्ता कुठून वळवता येईल याची रेघ स्वतः मारून दिली त्याच्यापाशी समिती थांबते. अन्या, सहा घरांनी सहा अर्ज देऊ नका, एकच द्या, आणि पलीकडे मोकळी जागा असेल तर ती मोजून दाखवा.

आणि साखरपेठकर, तुमच्या मागांचं वेगळं आहे. तो नकाशातला बदल नाही, नियमातला आहे. यूडीसीपीआरमध्ये शहरनिहाय तरतुदींचं एक प्रकरण आहे, पुणे, ठाणे, नागपूरसाठी वेगळे नियम त्यात आहेत. सोलापूरच्या यंत्रमागासाठी तशी तरतूद मागायची तर कलम 37 खाली फेरबदल, महापालिकेनं ठराव करून, हरकती मागवून शासनाकडे पाठवायचा. त्याला आकडे लागतात. किती घरांत माग, गल्ली किती रुंद, लोड किती. हे आकडे तुमच्याकडेच आहेत, मंत्रालयात नाहीत.

जुळेसोलापूर_मनीषा

गल्ली मोजायला मी येते. माझ्याकडे 30 मीटरचा टेप आहे, शाळेच्या मैदानासाठी घेतलेला.

कुंभारीची_लक्ष्मी

मी पण. बायकांकडून माहिती मी काढून देते, पुरुष माणूस दारात वही घेऊन उभा राहिला की आमच्याकडं कुणी खरं सांगत नाही, लाईट कापतील अशी भीती असते.

साखरपेठकर

चला मग, रविवारी सकाळी 7 ला आमच्या घरासमोर. माग रविवारी बंद असतात, रस्त्यावर बीम आणि गठ्ठे नसतात, मोजायला सोपं.

साखरपेठकर (रविवार, संध्याकाळ)

आज नऊ जण आले. तीन गल्ल्या झाल्या. आमची गल्ली तोंडाशी 6.10 मीटर, मध्ये 5.40, आणि डीपीपाशी, म्हणजे लाईटच्या डीपीपाशी, 3.85. आम्ही आजवर समजत होतो की 6 मीटरची गल्ली आहे, घराच्या जुन्या नकाशावर पण तेच लिहिलंय. अण्णांनी विचारलं फायरची गाडी किती रुंद असते, कुणालाच सांगता येईना, मग ते स्वतः केंद्रावर जाऊन मोजून आले, आरसे धरून. डीपीपाशी गाडी जात नाही. त्याच्या पुढं 22 घरं आहेत, त्यातल्या 14 घरांत माग.

लक्ष्मीअक्कांनी 31 घरांची वही भरली. पुढच्या रविवारी घोंगडे वस्तीपासून सुरू करू. अन्या, तुझ्या ओळीचा भाग नकाशा मी काढून ठेवलाय, येताना आईला पण घेऊन ये, नानांना तिच्याकडून जुनी पाऊलवाट कुठून होती ते विचारायचंय.